दीडशे मिलीलिटरचा पेला

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी सोलकढी ठेवली होती आणि आलेल्या बायकांनी ती केवळ भिडेखातर प्यायली, ही गोष्ट मला अजून विसरता आलेली नाही. दुसऱ्या दिवशीची घाई नको म्हणून आदल्या रात्रीच ती करून मी फ्रिजमध्ये ठेवली होती. दुपारी पातेल्यावरचे झाकण काढले, तेव्हा नारळाच्या दुधातला स्निग्धांश वर थिजून त्याचे पांढरे कण झाले होते आणि खाली नुसते गुलाबी पाणी उरले होते. कण विरघळावेत म्हणून मी पातेले थोडा वेळ मंद आचेवर ठेवले, तर दूध आणखीच फुटले. तोपर्यंत पाहुण्या येऊ लागल्या होत्या. गाळून उरलेले फिकट पाणी पेल्यांत भरून मी पुढे केले आणि प्रत्येकीने अर्धा पेला पिऊन उरलेला हळूच बाजूला ठेवला.

त्या दिवसापासून घरी येणाऱ्या माणसांपुढे पेय ठेवणे हे मला स्वयंपाकाइतकेच तयारीचे काम वाटू लागले. पुढची दोन वर्षे मी थोडेथोडे शिकत गेले, मापे वहीत लिहून ठेवली, आणि गेल्या चैत्रात सुमारे पन्नास जणींचे हळदीकुंकू केले तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनासारखे झाले. त्या तीन दिवसांत काय केले आणि का केले, ते येथे सांगत आहे.

आमचे घर फोंडा तालुक्यात आहे. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसवायची आणि वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या महिन्यात एखाद्या सोयीच्या दिवशी बायकांना बोलवायचे, ही रीत सासूबाईंनी आयुष्यभर सांभाळली. आता बोलावणे सर्वच बायकांना असते, विधवा आणि सवाष्ण असा भेद आम्ही करत नाही, आणि हा बदलही सासूबाईंनीच केलेला आहे. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची फोड आणि मोगऱ्याचा गजरा, एवढेच त्या दिवसाचे आतिथ्य. त्यात भर घालण्याची माझी इच्छा होती, परंतु ती नेमकी कशाची घालावी हे कळायला मला दोन वर्षे लागली.

ऋतूचक्राच्या हिशेबाने हा वसंत असला तरी गोव्यातला चैत्र घाटावरच्या चैत्रापेक्षा फार निराळा आहे. येथे पारा ३३ अंशांच्या आसपासच असतो, पण समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेमुळे घाम वाळत नाही आणि चार पावले चालून आलेले माणूसही भिजलेले असते. माठाचे पाणीही येथे देशावरच्यासारखे गारढोण होत नाही. मातीच्या छिद्रांतून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती होताना आतल्या पाण्याची उष्णता ओढून घेते, म्हणून माठ गार होतो. हवेतच ओलावा भरलेला असेल तर वाफ कमी होते आणि माठ नुसताच घामेजल्यासारखा दिसतो. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले असल्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मला वाटले की डिचोलीहून आणलेल्या माठाची मातीच बरोबर नाही. डिचोलीचे कुंभार मातीत अतिशय वाकबगार आहेत, दोष हवेचा होता, हे नंतर समजले. तेव्हापासून आमचा माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नसतो. मागच्या पडवीत, जेथे दुपारी वाऱ्याची झुळूक येते तेथे तो वाळूवर ठेवलेला असतो, आणि त्याला ओले फडके गुंडाळलेले असते. एवढे केल्यावर पाणी पुरेसे थंड होते.

पेये किती आणि कोणती, हा पहिला निर्णय. आधीच्या वर्षी मी उत्साहाच्या भरात पाच प्रकार मांडले होते, आणि पाचही पेल्यांच्या रांगा सांभाळता सांभाळता मला कोणाशी धड दोन शब्द बोलता आले नव्हते. या वेळी मी ताक आणि सोलकढी दोन्ही वगळली. कैरीच्या डाळीत भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ, वर ओले खोबरे आणि फोडणी, जोडीला भिजवलेले हरभरे, असा जड ऐवज वाटीत असताना पेल्यातही नारळाचे दूध किंवा दही आले की पोट भरून जाते आणि अंगाला सुस्ती येते. सोलकढीची खरी जागा जेवणाच्या पानात, भाताबरोबर आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. शेवटी तीनच गोष्टी ठरवल्या: आल्याआल्या वाळ्याचे पाणी, डाळीबरोबर पन्हे, आणि ज्यांना गोड नको किंवा आणखी काही हवे त्यांच्यासाठी सोलांचे, म्हणजे वाळवलेल्या कोकमांचे, सरबत.

यातले पाणी हे मी पेय म्हणून मोजले, याचे कारण सासूबाई. पूर्वी मी दारातच पन्ह्याचा पेला हातात देत असे. उन्हातून आलेली बाई तो एका दमात पिऊन टाके, आणि लगेच म्हणे, जरा पाणी दे गं. पन्ह्यात केशर होते की नव्हते, कैरी भाजलेली होती की उकडलेली, याची चव घेण्याइतकी उसंतच तिच्या जिभेला मिळत नसे. एकदा मी याबद्दल कुरकुरले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बाय, तहान लागलेल्याला आधी पाणी द्यावं. पन्हं तहान भागल्यावर प्यायचं असतं.” मी तो क्रम बदलला आणि फरक त्याच दिवशी दिसला. पाणी पिऊन, पंख्याखाली पाच मिनिटे बसून, हळदीकुंकू आणि अत्तर लावून झाल्यावर हातात आलेले पन्हे बायका घोट घोट घेऊन पिऊ लागल्या, आणि त्यामुळे लहान पेलाही पुरू लागला.

वाळ्याचे पाणी करणे सोपे आहे, पण स्वच्छतेची काळजी घ्यावी लागते. वाळा म्हणजे एका गवताची मुळे; त्यांत माती अडकलेली असते. मी दोन लहान जुड्या तीन पाण्यांतून चोळून धुतल्या, तासभर पाण्यात ठेवून ते पाणी झाडांना घातले आणि मग मलमलच्या फडक्यात बांधून उकळून गार केलेल्या पाण्याच्या माठात सोडल्या. पाच-सहा तासांत पाण्याला पुरेसा वास येतो. रात्रभर ठेवल्यास तो उग्र होतो, म्हणून त्या दिवशी सकाळी नऊला सोडलेली पुरचुंडी मी तीनला काढून घेतली. पाण्यात मोगऱ्याची फुलेही टाकावीत असे एका नणंदेने सुचवले होते, पण दोन वास एकत्र आले की दोन्ही हरवतात, शिवाय बाजारातल्या फुलांवर काय फवारलेले असते याची खात्री नसते, म्हणून मोगरा वेणीतच राहू दिला.

आता पन्हे. यात माझा सर्वांत जास्त वेळ गेला.

कैऱ्या मी बुधवारी फोंड्याच्या बाजारातून आणल्या, काही आमच्याच परसातल्या रायवळ झाडाच्या होत्या. मानकुराद कोणी पन्ह्यासाठी फोडत नाही. तो पिकू द्यायचा आणि कापून खायचा आंबा आहे, आणि गोव्यातला कोणीही माणूस त्याची कैरी उकडण्याच्या विचारानेच हळहळेल. पन्ह्याला आंबट रायवळ कैरीच चांगली, मात्र ती बाठ धरलेली हवी. अगदी कोवळ्या कैरीत गर कमी निघतो आणि त्याला तुरटपणा असतो. कैरीचा देठ काढून ती तासभर पाण्यात उलटी ठेवली, म्हणजे चीक निघून जातो. हा चीक राहिला तर पन्हे पिताना घसा खवखवतो, आणि मग दोष कैरीच्या आंबटपणाला दिला जातो.

पावणेदोन किलो कैऱ्या मी गुरुवारी सकाळी कुकरमध्ये वाफवल्या. पाण्यात बुडवून उकडल्या तर अर्धा आंबटपणा त्या पाण्यात उतरतो आणि मग ते पाणी टाकावे की ठेवावे असा प्रश्न पडतो. डब्यात पाणी न घालता वाफवल्या तर गर घट्ट आणि शुद्ध मिळतो. निखाऱ्यावर भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला धुराचा वास येतो आणि तो काहींना फार आवडतो, परंतु केशर-वेलदोड्याशी त्याचे जमत नाही. धुराचा वास हवा असेल तर जिरे आणि सैंधव घालावे, असे मला वाटते. साल काढून, बाठा चोळून, गर चाळणीतून गाळल्यावर तो जवळजवळ एक लिटर भरला.

गुळाच्या मापाबद्दल घरोघरी मतभेद असतात. माझी आई गराच्या दीडपट गूळ घालत असे आणि सासूबाई दुप्पट घालतात. मी या वेळी गराहून किंचित कमी, म्हणजे ९०० ग्रॅम घातला, आणि हा निर्णय सहज घेतलेला नव्हता. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. त्यामुळे गर कोमट असताना चाखून गूळ ठरवला तर पन्हे थंड झाल्यावर ते आंबट लागते, आणि ऐनवेळी घाबरून साखर ढवळली की ते पाकासारखे होते. म्हणून मी गुरुवारी दुपारीच थोडासा गर तीन वाट्यांत घेतला, तिन्हींत वेगवेगळ्या मापाने गूळ आणि ठरलेले पाणी घातले, वाट्या फ्रिजमध्ये दोन तास ठेवल्या आणि संध्याकाळी घरातल्या चौघांना चव घ्यायला लावली. सासूबाईंनी अर्थातच सर्वांत गोड वाटी पसंत केली. बाकी तिघांनी मधली निवडली, आणि माझे माप त्या मधल्या वाटीचे आहे. ज्यांना जास्त गोड हवे त्यांच्यासाठी गुळाचा पातळ पाक लहान तांब्यात वेगळा ठेवला, म्हणजे सासूबाईंचाही मान राहिला.

गूळ कोणता घ्यावा, याबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे माडाचा गूळ मिळतो, काळसर आणि खमंग वासाचा. गोड पदार्थांत, विशेषतः नारळाच्या रसात, त्याला तोड नाही, आणि म्हणून एका वर्षी मी तो पन्ह्यातही घातला होता. रंग चिखलासारखा झाला आणि कैरीचा वास त्या खमंगपणाखाली पार दबून गेला. पन्ह्याला उसाचा पिवळा गूळच योग्य. तो किसून, थोड्या गरम पाण्यात विरघळवून, फडक्यातून गाळून घ्यावा, कारण चांगल्या दिसणाऱ्या गुळाच्या तळाशीही कचकच निघते. त्या गाळलेल्या पाकात गर, पाऊण चमचा मीठ, कोमट पाण्यात भिजवलेले केशर आणि थोड्या साखरेबरोबर कुटलेला वेलदोडा घालून मूळ रस तयार झाला. भांडी सारी स्टीलची आणि काचेची घेतली. सासूबाईंचे पितळेचे मोठे पातेले डोळ्यांना फार शोभते, पण त्याची कल्हई गेलेली आहे आणि आंबट पदार्थ त्यात कळकतो, म्हणून त्यात केवळ फुले ठेवली.

गराचा हा मूळ रस साधारण एक लिटर सहाशे मिलीलिटर भरला आणि त्यात चौपट पाणी घालायचे ठरले होते, म्हणजे एकूण आठ लिटर. दीडशे मिलीलिटरचा पेला धरला तर पन्नासांहून थोडे जास्त पेले होतात. पेल्याच्या या मापावर मी अडून बसले होते. मोठा पेला दिसायला उदार वाटतो, पण तो संपेपर्यंत पेय कोमट होते आणि बरीचशी जणी अर्धा ठेवतात. लहान पेला संपतो आणि हवा असेल तर दुसरा मागता येतो. कागदी पेले मी घेतले नाहीत. आंबट पेयाला त्यांचा वास लागतो, आणि एवढ्या मेहनतीनंतर तो वास लागू देणे मला पटत नाही. शेजारच्या दोन घरांतून काचेचे पेले मागून आणले, त्यांच्या तळाशी दोऱ्याने खूण बांधली आणि परत देताना एकही चुकला नाही.

पाणी एकाच वेळी मिसळायचे नाही, हे मी सोलकढीच्या त्या प्रसंगातून शिकले होते. मूळ रस फ्रिजमध्ये आठवडाभर चांगला राहतो. पाणी घातलेले पन्हे मात्र संध्याकाळपर्यंत उतरते, गर खाली बसतो आणि उरले तर टाकावे लागते. म्हणून तीन वेळा, प्रत्येकी पंधरा-सोळा पेल्यांपुरते मिसळायचे ठरवले. बर्फाची व्यवस्थाही आदल्या दिवशीच केली. साध्या बर्फाने पेय पातळ होत जाते आणि शेवटचा घोट पाणचट लागतो, म्हणून तयार पन्हेच बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून त्याचे खडे गोठवले. बाजारातल्या लादीच्या बर्फावर माझा विश्वास नाही. तो माशांच्या पेटीतला असेल की पेयातला, हे वरून ओळखता येत नाही.

सोलांच्या सरबतासाठी ताजे फळ मिळण्याचे ते दिवस नव्हेत. भिरंडे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात ती साधारण एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात. तेव्हा ती फोडून साली उन्हात घालतात, आतल्या रसात मीठ मिसळून त्या पुन्हा पुन्हा त्यात भिजवून वाळवतात, आणि पावसाळ्यासाठी पुरुमेंताच्या, म्हणजे साठवणीच्या, सामानात ती सोले बरणीत जातात. आमच्याकडे मागच्या मे महिन्यातली बरणी होती. दीडशे ग्रॅम सोले मी शुक्रवारी सकाळी एक लिटर साध्या पाण्यात भिजत घातली, तीन-चार तासांनी हाताने कुस्करून पिळली आणि रस गाळला. रंग असा आला की खिडकीतल्या उजेडात बरणी धरून मी थोडा वेळ नुसती पाहत राहिले. बाजारात मिळणाऱ्या गोड लाल पाकाच्या बाटल्यांना हा रंग नसतो. त्यांचा लाल रंग सर्वत्र सारखा असतो, याचा मात्र कडेला गुलाबी आणि मध्ये गडद असतो.

या रसाचे मी दोन भाग केले. मोठ्या भागात २०० ग्रॅम साखरेचा पाक, भाजून कुटलेले जिरे आणि तीन लिटर पाणी. लहान भागात केवळ पाणी, जिरे आणि बोटभर आले ठेचून. आमच्या ओळखीत पाच-सहा जणींना मधुमेह आहे, आणि हळदीकुंकवाला त्यांच्या हातात काही न देता त्यांना केवळ हरभऱ्यांवर बसवून ठेवायचे, हे मला फार वर्षे खटकत होते. मीठ मात्र दोन्हींत आधी घातले नाही. सोलांतच मीठ असते, आणि चव न पाहता चमचाभर घातले की सरबताचे लोणचे होते. चाखल्यावर लहान भागात चिमूटभर सैंधव पुरले, मोठ्यात तेही लागले नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता एक अनपेक्षित भर पडली. सत्तरी तालुक्यातून माझे चुलत दीर आले आणि त्यांनी तीन लिटर निरो आणला. काजूचे बोंडू तुडवून रस काढल्यावर जो चोथा उरतो, त्याचा ढीग वेलीने आवळून त्यावर जड दगड ठेवतात, आणि रात्रभर त्यातून थेंब थेंब झिरपतो तो स्वच्छ रस म्हणजे निरो. काजूच्या हंगामातले, फेब्रुवारी-मार्च ते मे एवढ्याच महिन्यांचे हे पेय आहे. तोच रस आंबवून एकदा गाळला की उराक होते आणि पुन्हा गाळला की फेणी. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिचे नाव दूरवर गेले, पण निरो गोव्याबाहेर नेताच येत नाही, कारण तो काही तासांतच आंबू लागतो. दीर बजावून गेले, “वहिनी, हा बारापर्यंत संपवा. संध्याकाळच्या बायकांसाठी ठेवू नका.”

मी ऐकले नाही, आणि त्या दिवसातली माझी एकमेव चूक ती होती. इतके दुर्मिळ पेय पाहुण्यांना द्यावे, असे मनापासून वाटले आणि एक लिटर बाटलीत घट्ट बूच लावून फ्रिजच्या दारात ठेवला. उरलेला डाळ वाटायला आलेल्या चौघींनी आणि आम्ही घरच्यांनी दहाच्या सुमारास प्यायला. गोड, किंचित तुरट आणि बोंडवाच्या वासाने भरलेला तो रस मी शब्दांत कसा सांगू, मला जमत नाही. दुपारी तीनला बाटली हातात घेतली तर ती फुगून कडक झाली होती आणि बूच सैल करताच फेस वर आला. थंडीने आंबणे मंदावते, थांबत नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला न सांगता आंबलेला रस पाजणे कोणत्याही अर्थाने योग्य झाले नसते, तेव्हा तो तसाच माडाच्या आळ्यात ओतला. गोव्यात या दिवसांत पुरुषमंडळी घरी जमली की लिंबाच्या सोड्यात उराक, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची हे हमखास असते, आणि आमच्या घरीही ते वर्ज्य नाही. परंतु त्याची वेळ निराळी आणि बैठक निराळी.

चार वाजता पहिल्या पाच जणी आल्या. पडवीत माठाशेजारी माझी मुलगी उभी होती; तिने प्रत्येकीला वाळ्याचे पाणी दिले. मी आत पन्ह्याचे पहिले पंधरा पेले मिसळले. येथे एक बारकावा मला ऐनवेळी कळला: पाणी आधी आणि रस नंतर घातला तर गर तळाशी गोळा होऊन बसतो, रसात थोडे थोडे पाणी घालत ढवळले तर पन्हे एकजीव होते. पहिल्या चार पेल्यांत गर बसलेला दिसला, म्हणून ते परत पातेल्यात ओतून रवीने घुसळले. पुढच्या दोन्ही वेळा क्रम बदलला आणि ढवळण्याचे काम अर्ध्यावर आले.

सर्वांत जास्त गर्दी साडेपाच ते सहाच्या दरम्यान झाली. त्या अर्ध्या तासात वीसेक जणी एकदम होत्या आणि आधीच्या वर्षांत याच वेळी माझी धांदल उडत असे. या वेळी पेले भरून ठेवायचे नाहीत, असे मी ठरवले होते. भरून ठेवलेला पेला या हवेत बाहेरून घामेजतो, हाताला निसरडा होतो आणि आतले पन्हे कोमट होते. डाळीची वाटी जिच्या हातात गेली तिच्याचसाठी पेला भरायचा, असा नेम ठेवला. एका वेळी पाच-सहा पेलेच भरावे लागत होते आणि ते मला बोलत बोलत जमत होते. शेजारच्या काकी, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी माझी फुटलेली सोलकढी अर्धी ठेवली होती, त्यांनी पन्हे संपवून बिनसाखरेचे सरबतही मागून घेतले आणि विचारले, “आले किती घातलेस गं? मला यांच्यासाठी करायचे आहे.” मी त्यांना माप सांगितले आणि बरणीतली मूठभर सोलेही पुडीत बांधून दिली.

सरबत मी पंचवीस पेल्यांच्या हिशेबाने केले होते, ते साडेसहाला संपले. तिखट डाळीनंतर गोडापेक्षा आंबट-खारट पेयच जास्त मागितले जाते, हे मला मापे ठरवताना लक्षात यायला हवे होते. बिनसाखरेचा भाग तर मधुमेह नसलेल्यांनीच अधिक प्यायला. पुढच्या चैत्रासाठी वहीत दीडशेच्या जागी अडीचशे ग्रॅम सोले, आणि साखर तेवढीच, असे लिहिले आहे. पन्ह्याचा मूळ रस मात्र दोन वाट्या उरला, कारण तिसऱ्या वेळेस पाणी पूर्ण मिसळावे लागले नाही. वाळ्याच्या जुड्या धुऊन सावलीत वाळवल्या. आणखी दोन-तीन वेळा त्यांचा उपयोग होतो.

भांडी घासताना सोलांच्या पातेल्यात साबणाचे पाणी पडले आणि तो सुंदर गुलाबी रंग क्षणात निळसर राखाडी झाला. माझी मुलगी घाबरून विचारू लागली की आपण बायकांना काही भलतेच पाजले की काय. सोलांचा रंग आंबट पाण्यात लाल राहतो आणि साबणासारख्या अल्कधर्मी पाण्यात निळा पडतो, हे मी तिला लिंबाची फोड पिळून दाखवले; निळे पाणी पुन्हा गुलाबी झाले आणि मग तिने तो प्रयोग अंगणात आणखी चार वेळा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी एक नारळ माझ्यापुढे ठेवला आणि बरणीतली सहा-सात सोले वाटीत भिजत घातली. नारळ अकराला खवला, दूध साडेअकराला काढले, लसूण-मिरचीचा ठेचा आणि कोथिंबीर घालून सोलकढी बाराला पानात वाढली, आणि फ्रिजचे दार त्या सोलकढीसाठी कोणी उघडले नाही.